खाण्यात काय येतं

दीपमालाला स्वतःचं नाव लिहिता येत होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं डॉक्टरणीपासून शेजारणीपर्यंत ज्यानं त्यानं हेच विचारलं, की पोरीला मुळात येत होतं का. येत होतं बाबांनो. अंगणवाडीतनं आली की ओट्यावर खडूनं 'दीपमाला' लिहायची, काना-वेलांटी जागच्या जागी, आणि आजीला हाताला धरून ओढत आणायची. सारजाबाईला अक्षराची ओळख नव्हती, पण ती तोंड भरून कौतुक करायची. मग उन्हाळ्यात 'प' उलटा पडायला लागला. जूनमध्ये 'द' गेला. शाळेत घातली तेव्हा पोरगी पाटीकडं नुसती बघत बसायची, आणि बाईंनी काही विचारलं की पोट दुखतंय म्हणायची.

पोट खरंच दुखत होतं. रंग उतरला होता, भाकरीवर मन नव्हतं, उगाच किरकिर करायची, आणि कुणी बघत नाही असं पाहून भिंतीचा पोपडा नाहीतर माती तोंडात टाकायची. जंत झाले म्हणून औषध झालं. अंगात रक्त नाही म्हणून लोहाचं सरबत झालं. फरक काडीचा पडला नाही.

बिभीषण तिचा बाप. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात केमिस्ट. आजा-पणजा मेंढरांमागं रानोमाळ फिरले, हा घराण्यातला पहिला एमेस्सी, तोही रसायनशास्त्रात, आणि त्याला त्याचा रास्त अभिमान होता. काम काय, तर कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक मालाचा नमुना तपासायचा. पोत्याबरोबर कागद येतो, त्यावर शुद्ध असल्याचा शिक्का असतो. बिभीषण त्या कागदाकडं ढुंकून बघत नसे. "कागद काय म्हणतो ते राहू द्या, नमुना काय म्हणतो ते सांगा," हे त्याचं वाक्य अख्ख्या लॅबला पाठ होतं आणि पोरं त्याच्या माघारी त्याची नक्कल करत.

घरीही तेच. एकदा तुरीची डाळ काही केल्या शिजेना. रत्नमाला, त्याची बायको, दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत बसली. यानं काय करावं, तीच डाळ एका पातेल्यात बोअरच्या पाण्यात लावली आणि दुसऱ्यात विकतच्या जारच्या. जारची शिजली. दोष डाळीचा नव्हता, जड पाण्याचा होता. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," तो ऐटीत म्हणाला, "म्हणजे खोट कुठं हाय ते आपोआप कळतं." रत्नमाला म्हणाली, "बरं झालं, लग्नाच्या वेळी माझा नमुना मागितला नाय तुमी."

तर असा हा माणूस. आणि त्याच्याच घरात त्याची पोर एकेक अक्षर विसरत चालली होती, आणि त्याला कारण सापडत नव्हतं.

शेवटी शहरात डॉक्टर मंजुषाकडं नेली. या बाईनं घाई केली नाही. पोरीच्या हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं, आणि रक्ताची एक वेगळी तपासणी मुंबईला पाठवली. निकाल आला तो शिशाचा. पोरीच्या रक्तात शिसं होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं.

"औषध आपण देऊ," डॉक्टर म्हणाल्या, "पण हे येतंय कुठून ते बंद झालं पाहिजे. नाहीतर फुटक्या घागरीत पाणी भरत बसल्यासारखं होईल. तुम्ही केमिस्ट आहात ना? शोधा."

"आन जे गेलंय ते?" रत्नमालानं विचारलं. "तिची अक्षरं?"

"जितक्या लवकर बंद होईल तितकं बरं," डॉक्टर म्हणाल्या. हे काही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि ते तिघांनाही कळलं.

बिभीषणला मात्र, खोटं कशाला बोला, त्या दिवशी थोडा हुरूपच आला. इतके महिने तो आंधळ्यासारखा चाचपडत होता. आता शत्रूचं नाव कळलं होतं, आणि ते नाव त्याच्या पुस्तकातलं होतं. घरी येऊन त्यानं बायकोला आणि आईला समोर बसवलं. "पोरगी दिवसभरात काय काय खाती ते सांगा. सगळं. काय बी सोडू नका."

"भाकर," सारजाबाई म्हणाली. "दूध. वरण-भात. कवा गूळ-शेंगदाणे. तू आणतो ती बिस्किटं."

"अजून?"

"अजून काय? माती खाती."

झालं. बिभीषणनं माती धरली. अंगणातली, भिंतीची, शाळेच्या मैदानातली माती साहेबांच्या परवानगीनं लॅबमध्ये नेली. मातीत काही नव्हतं. मग बोअरचं पाणी, त्यातही नाही. कल्हईच्या भांड्यांवर त्याचा दाट संशय होता, ती सगळी माळ्यावर गेली आणि स्टीलची आली. काजळ बंद झालं. रंगीत पाळणा शेजारच्या कोळ्यांच्या घरी देऊन टाकला. स्वयंपाकघरातल्या एकेका डब्याचा नमुना त्यानं काढला, मीठ, तिखट, हळद, धने. हळद अस्सल निघाली, निघणारच, रत्नमाला हळकुंडं आणून गिरणीतनं दळून आणायची. मग त्यानं स्वतःवर संशय घेतला. कारखान्यातनं अंगाला लागून काही येत असेल म्हणून ओसरीतच कपडे बदलायला लागला, आणि अंघोळ केल्याशिवाय पोरीला जवळ घेईनासा झाला. ती 'बाबा' म्हणून धावत यायची आणि हा हात वर करून मागं सरकायचा.

सारजाबाईनंही आपल्या परीनं मदत केली. शिसं म्हटल्यावर तिनं पोरीच्या दप्तरातल्या शिसपेन्सिली काढून कुठंतरी लपवून ठेवल्या. आधीच पोर अक्षरं विसरलेली, त्यात हातात पेन्सिल नाही. "माय, पेन्सिलीत शिसं नसतं गं," बिभीषणनं डोक्याला हात लावला. "मग शिसपेन्सिल काहून म्हणत्यात?" म्हातारीनं विचारलं. त्यानं समजावून सांगितलं. तिनं मान हलवली आणि पेन्सिली काही दिल्या नाहीत.

प्रत्येक गोष्ट बदलायची, मग थांबायचं, मग पुन्हा रक्त द्यायचं आणि मुंबईच्या निकालाची वाट पाहायची. सुई पाहिली की दीपमाला आता रडायचीही नाही, नुसता हात पुढं करायची. एका दुपारी रत्नमालाचा तोल गेला.

"हा काय प्रयोग लावलाय तुमी? एक बदला, मग बसा, मग दुसरं बदला. लेकरू हाय का उंदीर? समदंच बंद करा की एकदम."

"एकदम बंद केलं तर कशानं झालं ते कळणार नाय."

"मला नाय कळायचं कशानं झालं ते. मला लेकरू चांगलं व्हायला पायजे."

ती चुकीचं काही बोलत नव्हती. आणि बिभीषणला आतून हेही ठाऊक होतं, की सगळं बंद करायचं म्हटलं तरी आधी सगळं म्हणजे काय ते माहीत पाहिजे.

मग डॉक्टरांनीच सुचवलं, की पोरीला थोडे दिवस घराबाहेर नेऊन बघा. रत्नमालाचं माहेर फर्दापूरचं. भावाचं लेण्यांच्या रस्त्यावर चहा-नाश्त्याचं हॉटेल. पोरगी तिथं राहिली आणि सुधारली. मामाच्या हॉटेलातली भजी खाऊ लागली, कुत्र्यामागं पळू लागली. परत आल्यावर रक्त दिलं, तर शिसं खाली उतरलं होतं. बिभीषणनं तो कागद दोनदा वाचला. खोट घरातच होती.

सारजाबाईला हे सांगितलं तेव्हा ती चुलीपुढनं उठलीच. "घरात म्हंजे? घरात मी हाय. म्या काय इख घालती का लेकराला?"

"तसं कोण म्हणतंय माय?"

"मग काय म्हणतो? जन्मल्यापासून म्या सांभाळली. हिच्या आईला कधी सवड होती? तिकडं फर्दापूरला नेली, तर देवाची पुडी बी इसरून गेली. तितके दिवस लेकराच्या जिभंला देवाचं काय लागलं नाय. म्हणून आता वाढवून देती मी, सकाळ-संध्याकाळ."

सासू-सुनेची ही नेहमीची धुसफूस समजून बिभीषणनं ते कानाआड केलं. ऐकलं, पण ऐकलं नाही. पुढचा निकाल आला आणि शिसं पुन्हा चढलेलं, पहिल्यापेक्षाही जास्त. दीपमालाला आता 'मा' सुद्धा ओळखू येईना.

आता ही पुडी काय ते सांगायला हवं. धनगराचं घर, कुलदैवत खंडोबा. देवळीत देव आणि देवापुढं भंडाऱ्याची डबी. भंडारा म्हणजे हळदच, पण तिला हळद कोणी म्हणत नाही. मोठी माणसं तो कपाळाला लावतात. लेकराला आणि कोकराला मात्र सकाळी चिमूटभर जिभेवर द्यायचा, म्हणजे नजर लागत नाही, दुखणं जवळ येत नाही. सारजाबाईला तिच्या सासूनं हे शिकवलं, बिभीषण याच चिमटीवर मोठा झाला. पोर आजारी पडल्यापासून आजीची चिमूट मोठी होत गेली होती. आजार वाढला की चिमूट वाढे, चिमूट वाढली की आजार. बिभीषणची बारा महिने सकाळची पाळी. तो भल्या पहाटे बसमध्ये बसलेला असायचा. आणि घरी असता तरी काय मोठं झालं असतं? जे जन्मापासून बघितलंय ते माणसाला दिसत नाही.

दसऱ्याला कारखान्याला सुट्टी होती. त्या सकाळी बिभीषण ओसरीत चहा घेत बसला होता. दीपमाला अंघोळ करून आली, ओल्या केसांनी देवळीपुढं उभी राहिली, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली. सारजाबाईनं चिमूट ठेवली, डोक्यावरनं हात फिरवला. बिभीषणनं पाहिलं आणि चहाचा घोट घेतला. त्याला त्यात काहीही वावगं दिसलं नाही. उलट आपल्याही जिभेवर ती चव आल्यासारखं वाटलं.

सणाचा दिवस म्हणून सारजाबाई देवाची उपकरणी घासायला बसली. डबीतला उरलासुरला भंडारा तिनं पाण्याच्या वाटीत झटकला, झाडाला घालायला म्हणून, आणि वाटी ओट्यावर बिभीषणच्या पुढ्यात ठेवून आत गेली. हळद पाण्यात टाकली की पाणी गढूळ पिवळं होतं आणि बराच वेळ तसंच राहतं. या वाटीत वर तसं फिकट पाणी होतं खरं, पण खाली, तळाशी, काहीतरी रेतीसारखं धपकन बसलं होतं. पिवळंजर्द. बिभीषणनं वाटी हलवली. ते वर उठलं आणि पुन्हा खाली बसलं. हळद एवढी जड नसते.

चहा तसाच राहिला. तो बराच वेळ त्या वाटीकडं बघत होता. उन्हाळ्यात घरचं एक कोकरू मेलं होतं, पाय ताणून, दात खात. जनावराचं काय धरून बसायचं म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. त्यालाही आई रोज चिमूट द्यायची.

आणि मग त्याला दुकान आठवलं. मागच्या चंपाषष्ठीच्या आधी आई म्हणाली होती, आता कुटायला हात चालत नाय, तूच येताना भंडारा घेऊन ये. दुकानदारानं दोन पुड्या पुढं टाकल्या. एक मळकट पिवळी, एक अशी की डोळ्यांत भरावी. बिभीषणनं दुसरी उचलली. देवाचं काम, रंग कसा पाहिजे. ज्यानं आयुष्यात नमुना काढल्याशिवाय पोतं आत घेतलं नाही, त्यानं ही पुडी रंग बघून घेतली आणि खिशात घालून घरी आणली.

सुट्टी संपल्यावर त्यानं देवळीतल्या पुडीत राहिलेला भंडारा लॅबमध्ये नेऊन जाळून राख केली, राख पातळ आम्लात विरघळवली, गाळली आणि त्यात रसायनाचे थेंब सोडले. पाणी गुलाबी झालं. हळदीत शिशाचा पिवळा रंग घातला असला की असंच होतं, हे कुठल्याही पुस्तकात आहे. फार अवघड परीक्षा नव्हे. साहेब म्हणाले, "अरे वा, सापडलं की." बिभीषण परीक्षानळी धुवायला बेसिनपाशी गेला आणि नळ सोडून तिथंच उभा राहिला.

संध्याकाळी तो दुकानावर गेला. भांडायलाच गेला होता, हात शिवशिवत होते. नानासाहेब दुकानदार म्हातारा, सरळ माणूस. त्यांनी पुडी हातात घेतली, चष्मा लावला, उलटी करून दाखवली. बारीक अक्षरांत छापलं होतं, फक्त पूजेसाठी.

"ही पूजेची हळद हाय भाऊ," नानासाहेब म्हणाले. "खायची नाय. लेकराला कशाला खाऊ घातली?"

"खाऊ नाय घातली," बिभीषण म्हणाला. "जिभेवर दिली."

"म्हंजे तेच की."

बिभीषणनं पुडी परत घेतली. तेच होतं खरं. आणि त्याच्या घरात ते तेच नव्हतं, कधीच नव्हतं. काय काय खाती सांगा, असं त्यानं शंभरदा विचारलं असेल. आईनं एकदाही लपवलं नाही. देवाचं कुणी खाण्यात धरतं का?

घरी आल्यावर त्यानं आधी रत्नमालाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पदराचं टोक तोंडात धरलं, आणि म्हणाली, "आत्यांना सांगू नका. मरतील त्या."

"सांगायला लागंल. नायतर उद्या दुसरी पुडी मागवतील."

सारजाबाई पोरीचे केस विंचरत बसली होती. बिभीषण तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि सांगितलं. जेवढं सौम्य सांगता येईल तेवढं. हळदीत भेसळ होती, असं म्हणाला. कुणाला कळलं नसतं, असं म्हणाला. "आणला मी होता माय. मी बघून आणला. चूक माझी हाय."

म्हातारीचा फणीचा हात थांबला. दीपमाला मान वाकडी करून, केस ओढले जातायत म्हणून कुरकुरत होती.

"तू आणला," सारजाबाई शेवटी म्हणाली. "घातला म्या."

"तुला काय माहीत होतं?"

"दुखतंय म्हणली की अजून घातला." तिनं आपल्या बोटांकडं पाहिलं. अंगठा आणि त्याजवळचं बोट पिवळं होतं, वर्षानुवर्षांचं पिवळं. "आन ती बी गुमान जीभ काढायची रं."

शिशाचा अणुभार बिभीषणला पाठ होता. ते हाडांत कसं जाऊन बसतं, कॅल्शियमची जागा कशी बळकावतं, हे तो कागदावर मांडून दाखवू शकला असता. आईच्या त्या दोन बोटांचं काय करावं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रत्नमाला दारात उभी होती, तीही आत आली नाही. एरवी सासूचा एक शब्द न सोडणारी बाई, आज भांडायला सोन्यासारखं कारण मिळालं होतं, आणि तिच्यानं भांडवेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मंजुषा फोनवर म्हणाल्या, की छान झालं, उगम सापडला, आता औषधाचा उपयोग होईल, रक्तातलं हळूहळू उतरेल. अक्षरांचं बिभीषणनंच विचारलं. "शिकवत राहा," म्हणाल्या. "काही येईल परत. सगळं येईल असं मी सांगत नाही." बिभीषणनं मनातल्या मनात त्यांचे आभार मानले, त्या खोटं बोलल्या नाहीत म्हणून, आणि त्याच वेळी त्याला वाटलं, की एवढ्या एका बाबतीत त्या खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं.

सारजाबाईनं डबी घासून पालथी घातली. दिवसभर पाण्याला तोंड लावलं नाही. "मग आता काय देऊ मी तिला?" एवढंच एकदा विचारलं, कुणाला तेही कळलं नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी बिभीषण कामावर गेला नाही, रजा टाकली. ओसरीतच बसून राहिला. पाटीवर त्यानं मोठं 'द' काढून ठेवलं होतं, पोर अंघोळीहून आली की गिरवून घ्यावं म्हणून. दीपमाला आली ती पाटीकडं बघितल्याशिवाय देवळीकडं गेली. बाकी पुष्कळ विसरली होती, हे विसरली नव्हती. ओल्या केसांनी उभी राहिली, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली.

सारजाबाई समोरच होती. तिचा हात सवयीनं देवळीकडं गेला आणि मधेच राहिला. तिनं मुलाकडं पाहिलं, सांग रे काहीतरी, अशा नजरेनं. बिभीषणनं तोंड उघडलं. तुला आता काही मिळणार नाही बाई, ते वाईट होतं, आजीच्या हातचं होतं पण वाईट होतं, हे पाच वर्षांच्या पोरीला कोणत्या शब्दांत सांगायचं ते त्याला सुचेना, आणि त्यानं तोंड मिटलं.

आपली जीभ आजीला नीट दिसत नसावी असं पोरीला वाटलं असेल. डोळे मिटलेलेच ठेवून तिनं ती आणखी थोडी बाहेर काढली.